कुंडीतील झाडे आणि गोगलगायींचा बंदोबस्त

वरून गरीब व आतून कावेबाज अशा माणसास उद्देशून ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपल्याकडे योजली जाते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही म्हण अक्षरशः खरी आहे. गोगलगायीच्या पोटाचा सपाट मांसल भाग हाच तिचा पाय असून त्याच्या आकुंचन-प्रसरणाने ती पुढे सरकते; ह्याच कारणास्तव ह्या प्राण्यांच्या वर्गास ‘उदरपाद’ असे नाव मिळाले आहे. म्हणीचा दुसरा अर्थही बागेच्या बाबतीत खोटा ठरत नाही. दिवसा हा प्राणी दृष्टीस पडत नाही, आणि सकाळी पाहावे तो आदल्या दिवशी लावलेल्या झेंडूच्या रोपांचे केवळ खुंट उरलेले असतात.

शेतीविषयक पत्रिकेत कुंड्यांचा विचार कशासाठी, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. सन २०२२ च्या खरीप हंगामात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची उगवती रोपे फस्त केली, आणि अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली, हे आपणांस स्मरत असेलच. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, पावसाळ्यात कुंपणांच्या भिंतींवर जी मोठी तपकिरी गोगलगाय चढताना दिसते, तीही ह्याच जातीची होय. हा प्राणी स्वतःच्या बळावर जिल्ह्याची सीमा ओलांडू शकत नाही. रोपांच्या कुंड्या, माती, शेणखत, विटा व बांधकामाचे सामान ह्यांबरोबर माणूसच त्यास नेतो, आणि ह्या सर्वांत कुंडी हे त्याचे सर्वांत सुखाचे वाहन आहे. कुंडीत सावली आहे, ओलावा आहे, अन्न आहे आणि अंडी घालण्यास भुसभुशीत मातीही आहे. म्हणून कुंडीतील झाड वाचविणे आणि शिवारातील पीक वाचविणे ही दोन कामे परस्परांपासून वेगळी मानता येत नाहीत. गोराई व मनोरीचे भाजीमळे, गोरेगावच्या आरे वसाहतीतील पाड्यांवरील परसबागा, आणि पलीकडे ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील शेते ह्या सर्वांशी उपनगरातील कुंड्यांचा नित्य संबंध येतो.

शत्रूची ओळख

शंख असलेली ती शंखी गोगलगाय आणि शंख नसलेली ती शेंबी, असा ढोबळ भेद करण्यात येतो. उपनगरांतील प्रमुख उपद्रवी जात म्हणजे आफ्रिकी महाकाय गोगलगाय. शास्त्रीय भाषेत तिला पूर्वी ॲकॅटिना फुलिका म्हणत, आता लिसाकॅटिना फुलिका म्हणतात. तिचा शंख लांबट, टोकाकडे निमुळता व तपकिरी रंगाचा असून त्यावर उभे गडद पट्टे असतात. शंखाची लांबी सामान्यतः ७ ते १० सेंटिमीटर भरते. क्वचित ती २० सेंटिमीटरपर्यंतही जाते. शेंब्यांपैकी मुंबईत नेहमी आढळणारी म्हणजे चपटी, चामड्यासारख्या पाठीची काळसर शेंबी. तिच्या पाठीच्या मध्यावरून बहुधा एक फिकट रेघ गेलेली असते. पावसाळ्यात ही घराच्या मोरीतही येते, आणि कुंडीच्या बुडाशी तर तिचे कायमचे बिऱ्हाड असते.

दिसेल ती गोगलगाय मारावी असे मात्र नाही. कोकणात व सह्याद्रीच्या रानांत मूळच्या देशी गोगलगायी आहेत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानास लागून ज्यांची वस्ती आहे त्यांच्या बागेत त्यांपैकी एखादी येणे शक्य आहे. त्या प्रामुख्याने कुजका पालापाचोळा खातात व त्यांच्यापासून फारशी हानी होत नाही. ओळखण्याची एक सोपी रीत सांगतो. शंखाचे टोक वर करून त्याचे तोंड आपल्याकडे धरावे. आफ्रिकी गोगलगायीच्या शंखाचे तोंड उजव्या हातास येते. एरिओफँटा ह्या देशी वंशातील कित्येकींचे तोंड डाव्या हातास येते. देशी जातींतही उजव्या तोंडाच्या पुष्कळ आहेत, तेव्हा ही पूर्ण परीक्षा नव्हे. परंतु डाव्या तोंडाचा शंख दिसल्यास तो निःशंकपणे रानाच्या बाजूस सोडून द्यावा.

रोपाचे नुकसान गोगलगायीनेच केले आहे की अन्य कोणी, हेही प्रथम पाहणे अगत्याचे आहे. एरवी अळीवरचे औषध फवारून पैसा वाया जातो. गोगलगायीच्या जिभेवर कानशीसारखे हजारो सूक्ष्म दात असतात. त्यांनी ती पान खरवडते, त्यामुळे पानांवर वेडीवाकडी भोके पडतात आणि कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडली जातात. जवळपास वाळलेल्या शेंबडासारखी चकचकीत रुपेरी रेघ आढळल्यास शंकेचे कारण उरत नाही. अळी असेल तर पानावर किंवा कुंडीच्या काठावर तिच्या विष्ठेचे बारीक दाणे पडलेले असतात, व रेघ नसते.

ही गोगलगाय आली कोठून

हिचे मूळ स्थान पूर्व आफ्रिकेचा किनारा. तेथून ती मॉरिशस बेटात गेली. विल्यम हेन्री बेन्सन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक मुलकी अधिकारी शंखशिंपल्यांचा अभ्यासक होता. त्याने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी सन १८४७ मध्ये कलकत्त्यात चौरंगीतील एका बागेत सोडण्यात आल्या. भारतातील तिच्या प्रसाराचा आरंभ तेथे झाला असे मानतात. एका हौशी विद्वानाच्या कौतुकाची किंमत पावणेदोनशे वर्षांनंतर लातूरच्या शेतकऱ्याने द्यावी, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

हौसेचे दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. सन १९६६ मध्ये एका मुलाने हवाई बेटातून ३ गोगलगायी खिशात घालून फ्लोरिडातील मायामी शहरी आणल्या. पुढे त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. ७ वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा १८,००० हून अधिक गोगलगायी सापडल्या, आणि त्यांचे निर्मूलन करण्यास तेथील सरकारला सुमारे १० लक्ष डॉलर खर्च आला. हे निर्मूलन १९७५ मध्ये पूर्ण झाले. आरंभ ३ गोगलगायींपासून झाला होता, हा आकडा कुंडी उचलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

उपनगरांत ती का फोफावते

सांताक्रूझ येथील वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हवा दमट, थंडी नाही, आणि जागोजागी उघडी गटारे, राडारोडा व ओल्या कचऱ्याचे ढीग. ह्याहून सोयीचे स्थळ गोगलगायीस मिळणे कठीण आहे. ह्यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शंख वाढविण्यास तिला चुनखडीची गरज असते, आणि ही गरज ती चुन्याने रंगविलेल्या भिंती व सिमेंटचा गिलावा खरवडून भागविते. कुंपणाच्या भिंतीवर ती रात्री चढून बसते ती काही हवा खाण्यासाठी नव्हे.

प्रत्येक गोगलगायीत नर व मादी अशी दोन्ही अंगे असतात. सर्वसाधारणपणे संयोग दोघींत व्हावा लागतो. मात्र एकदा मिळालेले बीज ती दीर्घकाळ साठवून ठेवू शकते. म्हणून कुंडीतून आलेली एकच गोगलगायसुद्धा नव्या जागी वसाहत उभी करू शकते. एका खेपेस ती १०० ते ४०० अंडी घालते व वर्षातून अशा अनेक खेपा होतात. अंडी मातीत काही सेंटिमीटर खोलीवर किंवा कुंडीखालच्या ओलाव्यात पुंजक्याने असतात. दिसण्यास ती साबुदाण्यासारखी, पण किंचित मोठी व फिकट पिवळसर असतात. साधारणतः १ ते २ आठवड्यांत ती फुटतात. पिल्ले वर्षाच्या आतच वयात येतात. आयुष्य ५ ते ६ वर्षांचे असते.

पाऊस संपून कोरडे दिवस आले की ती मातीत, भिंतीच्या भेगेत अथवा रिकाम्या कुंड्यांच्या थप्पीत शिरते, शंखाच्या तोंडास चुनखडीचे पांढरे झाकण लावून घेते व महिनोन्‌महिने निपचित पडून राहते. मे महिन्यात ‘आमच्याकडे गोगलगायी नाहीत’ असे सांगणाऱ्या गृहस्थाच्या गच्चीवर जून महिन्यात त्या अवतरतात, ह्याचे कारण हेच.

कामाची खरी वेळ

आतापर्यंतच्या विवेचनातून बंदोबस्ताची वेळ आपोआप निघते. पहिल्या पावसाबरोबर निद्रिस्त गोगलगायी बाहेर पडतात, भुकेल्या असतात, आणि संयोगानंतर काही दिवसांनीच अंडी घालू लागतात. तेव्हा पहिला चांगला पाऊस झाल्यापासूनचे २ ते ३ आठवडे हा वर्षातील सर्वांत मोलाचा काळ आहे. ह्या काळात हाताने वेचलेली एक गोगलगाय म्हणजे ऑगस्टमधील शेकडो पिल्लांचा नायनाट होय. प्रत्यक्षात मात्र बहुतेक तक्रारी ऑगस्टमध्ये येतात. त्या वेळी नखाएवढी पिल्ले प्रत्येक पानामागे पसरलेली असतात, आणि मनुष्य विषारी औषधाची बाटली शोधू लागतो.

पावसापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, सर्व कुंड्या एकदा जागेवरून हलवाव्यात. बूड, काठाची आतली कड व खालची ताटली खरवडून स्वच्छ करावी. रिकाम्या कुंड्यांची थप्पी उलगडावी. पांढऱ्या झाकणाचे मिटलेले शंख ह्याच वेळी मुठीमुठीने सापडतात. कुंड्यांतील माती बदलावयाची असल्यास जुनी माती गच्चीवर किंवा अंगणात पातळ थरात पसरावी, ढेकळे फोडावीत, आणि २ ते ३ आठवडे कडक ऊन द्यावे. वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडा दाबल्यास उष्णता अधिक चढते. साबुदाण्यासारखी अंडी दिसल्यास ती उकळत्या पाण्यात टाकावीत. खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

पावसास आरंभ झाल्यावर रोज रात्री, सूर्यास्तानंतर सुमारे २ तासांनी, बॅटरी घेऊन फेरी मारावी. पाऊस थांबून झिमझिम असेल तर उत्तमच. हातात रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी, अथवा चिमटा वापरावा. पाने, कुंडीचे काठ, भिंतीचा खालचा भाग आणि नळाजवळची ओली जागा पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे ह्यात शंका नाही. परंतु सलग १५ रात्री ते नेटाने केल्यास जो परिणाम दिसतो तो कोणत्याही औषधाने दिसत नाही.

वेचण्याचे श्रम कमी करावयाचे असतील तर गोगलगायींस एका जागी गोळा करावे. गुळाच्या पाण्यात भिजविलेले गोणपाट संध्याकाळी कुंड्यांच्या रांगेजवळ पसरून ठेवावे. रात्री त्या त्याच्या आश्रयास येतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी गोणपाट उलटून वेचून घ्यावे. पपईची पाने व खोडाचे तुकडे आणि कोबीची बाहेरची पानेही ह्या कामी उपयोगी पडतात. आंबलेल्या वासाकडे ह्या प्राण्याची विशेष ओढ असते. परदेशी बागवान बिअर भरलेली वाटी मातीत पुरतात. आपल्याकडे गुळाच्या पाण्यात थोडे यीस्ट घालून आंबविल्यास तेवढेच काम होते, व घरात कोणाची तक्रारही राहात नाही.

वेचलेल्या गोगलगायी कुंपणापलीकडे फेकणे हा उपनगरांतील सार्वत्रिक उपाय आहे, आणि तो सर्वांत निरुपयोगी आहे. काही परत येतात. न आल्या तर शेजाऱ्याच्या बागेत अंडी घालतात व तेथून त्यांची संतती येते. त्या मीठ व साबण घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. १० लिटर पाण्यास १ किलो मीठ पुरे. रात्रभर ठेवून सकाळी झाडांपासून दूर, दीड-दोन फूट खोल खड्ड्यात वर चुना टाकून पुराव्यात. बादलीतील खारे पाणी बागेत ओतू नये. रिकामे शंख उघड्यावर टाकल्यास त्यांत पावसाचे पाणी साचून डास होतात. ते फोडून पुरावेत. एका चाळीतील अथवा सोसायटीतील एकाच बिऱ्हाडाने हे सर्व केले तर त्याचे श्रम फुकट जातात, कारण भिंत ही गोगलगायीस अडथळा नसून रस्ता आहे. पाड्यावरील सर्व घरांनी किंवा इमारतीतील सर्व बिऱ्हाडांनी एकाच पंधरवड्यात फेरी मारावी ह्यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढाकार घेणे इष्ट होईल. शाळेची मुले ह्यात आनंदाने येतात. त्यांच्या हातांत मोजे असल्याची खात्री मात्र करावी.

कुंड्यांची मांडणी

कुंडी थेट मातीवर किंवा ओल्या फरशीवर टेकली की तिच्या बुडाखाली गोगलगायींचे घर तयार होते. ती तीन विटांवर अथवा लोखंडी तिवईवर ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो व पाहणीही सोपी जाते. पाणी निघण्याच्या छिद्रावर नुसती खापरी ठेवण्याऐवजी खाली बारीक तारेच्या जाळीचा तुकडा बसवावा. दोन कुंड्यांची पाने एकमेकांस किंवा भिंतीस लागू देऊ नयेत, नाहीतर तिवईचे सर्व श्रम वाया जातात. पिवळी पडलेली व जमिनीवर लोळणारी पाने काढून टाकावीत. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालावे. रात्री पृष्ठभाग जितका कोरडा तितकी गोगलगायीची हालचाल कमी.

दुधाच्या कपाटास मुंग्या लागू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. तिवईसही ती लागू पडते. परंतु साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि मुंबईत हा धोका गोगलगायीहून मोठा आहे. तेव्हा ही युक्ती वापरावयाचीच असल्यास वाट्यांत साबणाचे पाणी ठेवावे व ते दर तिसऱ्या दिवशी ओतून वाट्या घासाव्यात. त्यापेक्षा तिवईच्या पायांस बोर्डो मलम लावणे बरे. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून नंतर एकत्र करावा, म्हणजे मलम तयार होते. लोखंडी भांडे वापरू नये. फळझाडांच्या बुंध्यास गोगलगायींपासून संरक्षणासाठी हेच मलम लावण्याची शिफारस आहे.

राख, चुना, टरफले व मीठ

कुंडीभोवती राख, अंड्याची टरफले किंवा खडी पसरण्याचा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने सन २०१८ मध्ये ह्याची परीक्षा घेतली. लेट्यूसची १०० हून अधिक रोपे कुंड्यांत व वाफ्यांत लावून त्यांभोवती तांब्याची पट्टी, खडी, सालीचे आच्छादन, लोकरीच्या गोळ्या व अंड्याची टरफले असे पाच प्रकारचे अडसर केले. अडसर असलेल्या व नसलेल्या रोपांच्या नुकसानीत फरक आढळला नाही. ते तर इंग्लंडमधील पावसात. आमच्या जुलैच्या एका सरीत राखेचे काय होते हे सांगावयास प्रयोगाची गरज नाही. कोरड्या चुन्याचा १० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा गोगलगायीस खरोखरच अडवितो, परंतु तो कोरडा असेतोवरच. म्हणून त्याचा उपयोग पावसाच्या उघडिपीत किंवा छपराखालील कुंड्यांपुरता समजावा.

मीठ शिंपडल्यास शेंबी मरते हे खरे. तेच मीठ कुंडीतील मूठभर मातीत उतरून मुळे जाळते हेही तितकेच खरे. मोकळ्या जमिनीतील मीठ पावसाने खोल निघून जाईल. कुंडीत ते मुळांच्या भोवतीच राहते. मिठाचे स्थान बादलीत आहे.

विषारी गोळ्यांविषयी

शेतासाठी मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्यांची शिफारस एकरी सुमारे २ किलो ह्या प्रमाणात केली जाते, आणि मोठ्या उद्रेकात त्यांचा उपयोग होतो. ह्या औषधाने गोगलगायीच्या अंगातील चिकट स्राव बाहेर पडून ती सुकून मरते. हवा अतिशय ओली असेल तर काही गोगलगायी ओलावा शोषून पुन्हा सावरतात, म्हणून औषध टाकल्यावरही सकाळी वेचणी करावीच लागते.

घराच्या कुंड्यांसाठी ह्या गोळ्या शक्यतो वापरू नयेत असे माझे मत आहे. त्या धान्याच्या पिठात मिसळून केलेल्या असल्याने कुत्री त्या आवडीने खातात, आणि खाल्ल्यास अंग थरथरणे, झटके येणे व मृत्यू असा प्रकार घडतो. लहान मुलांसही त्यांपासून धोका आहे. ब्रिटनने एप्रिल २०२२ पासून मेटाल्डिहाइडचा उघड्यावरील वापर बंद केला तो वन्य पशुपक्ष्यांवरील परिणामामुळे. नाइलाजाने वापर करावयाचा झाल्यास चार-दोन गोळ्या उपड्या करवंटीखाली ठेवाव्यात, करवंटीच्या कडेस गोगलगाय शिरेल एवढीच खाच पाडावी व वर वीट ठेवावी. खाण्याच्या भाजीच्या कुंडीत गोळ्या टाकूच नयेत. जनावराने खाल्ल्याचा संशय येताच वेष्टणासह त्वरित पशुवैद्याकडे जावे. तंबाखूचा काढा व मोरचूद ह्यांच्या मिश्रणाची फवारणी केरळात करतात. ती भिंतींवर व रिकाम्या जागेवर ठीक आहे, पण पुदिन्यावर किंवा कोथिंबिरीवर ती कदापि करू नये.

आरोग्याचा प्रश्न

पुदिना आणि कोथिंबीर ह्यांचा उल्लेख सहेतुक केला आहे. गोगलगायी व शेंब्या ह्यांच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातील एका जंताची बाल्यावस्था वाढते. गोगलगाय उंदराची विष्ठा खाते, त्यातून जंत तिच्यात येतो, आणि अशी गोगलगाय किंवा तिचे बारीक पिल्लू कच्च्या पाल्याबरोबर माणसाच्या पोटात गेल्यास जंत मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून गंभीर आजार उत्पन्न करू शकतो. मुंबईतील उंदरांत हा जंत आढळल्याची नोंद १९८० च्या दशकातच झालेली आहे. असा आजार क्वचित होतो, त्यामुळे घाबरून पुदिना उपटून टाकण्याचे कारण नाही. तथापि चटणीसाठी खुडलेला पाला जुडीने पाण्यातून न काढता एकेक काडी सुटी करून वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवावा, गोगलगायीने खाल्लेली व चिकट रेघ असलेली पाने टाकून द्यावीत, आणि वेचणीनंतर हात साबणाने धुवावेत. कुंड्यांशेजारी उंदरांचे बीळ असल्यास तेही बुजवावे. अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांच्या हाती जिवंत गोगलगाय देऊ नये.

आपले साहाय्यक

भारद्वाज पक्षी शंखी गोगलगाय फोडून खातो. झुडपी कुंपण राखल्यास तो उपनगरांतही येतो. काजव्याच्या अळ्या गोगलगायींवरच जगतात. गोराई-मनोरीकडे ज्यांना शक्य असेल त्यांनी मळ्यात बदके सोडून पाहावीत. लहान गोगलगायी व शेंब्या ती वेचून खातात. बाहेरून नवा शत्रू आणण्याच्या कल्पनेस मात्र थारा देऊ नये. हवाई बेटांत आफ्रिकी गोगलगायीवर इलाज म्हणून सन १९५५ मध्ये फ्लोरिडाची मांसभक्षक गोगलगाय आणून सोडण्यात आली. तिने आफ्रिकी गोगलगाय राहू दिली आणि त्या बेटांतील दुर्मिळ देशी गोगलगायींचा फडशा पाडला.

कुंडीचा प्रवास

रोपवाटिकेतील रोपे आज फार दूरवरून येतात. आंध्र प्रदेशातील कडियमपासून भरलेली वाहने सर्व देशभर जातात, आणि पुण्याकडील रोपे रोज मुंबईस उतरतात. रोपवाटिकेत पिशव्या एकमेकींस खेटून, सावलीच्या जाळीखाली, सतत ओल्या जमिनीवर ठेवलेल्या असतात. खरेदी करताना पिशवी उचलून तिचे बूड पाहावे. बहुतेक ग्राहक केवळ फूल पाहतात. घरी आणलेली कुंडी पहिले ३ आठवडे इतरांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावी. आणल्याच्या दिवशीच ती काठापर्यंत पाण्याच्या टोपात तासभर बुडवून ठेवल्यास आत दडलेल्या शेंब्या व लहान गोगलगायी श्वासासाठी वर येतात, तेव्हा त्या वेचून घ्याव्यात. अंडी ह्याने मरत नाहीत, म्हणूनच ३ आठवड्यांची मुदत सांगितली आहे. तेवढ्यात ती फुटून पिल्ले दिसू लागतात.

उलट दिशेचा प्रवास अधिक घातक आहे. गणपतीस किंवा दिवाळीस गावी जाताना उपनगरातील कुटुंबे हौसेने मोगऱ्याची, जास्वंदीची किंवा शोभेच्या पानांची कुंडी बरोबर नेतात. भाद्रपदात त्या कुंडीत अंडी असण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. गावातील नातलगांनी अशी कुंडी आल्यास ती सरळ परसात मांडू नये. रोप उपसून जुनी माती घमेल्यात काढावी, मुळे स्वच्छ पाण्याने धुवावीत, आणि गावाकडील ऊन दिलेल्या मातीत ते रोप नव्या कुंडीत लावावे. काढलेली माती शेतात किंवा उकिरड्यावर न टाकता तिच्यावर उकळते पाणी ओतावे. फांद्या कापून नेल्या व गावी कलम लावले तर माती नेण्याचा प्रश्नच उरत नाही. मोगरा, जास्वंद व मनीप्लांट ही तिन्ही फांदीपासून पावसाळ्यात सहज रुजतात.